पाईपवाल्याची चाल

त्याला सगळे सूतभर म्हणायचे. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते फक्त सहीपुरतं उरलं होतं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तो काचा घासायचा, आणि कुठलीही काच हातात आली की एक डोळा मिटून, ओठ मुडपून म्हणायचा, "सूतभर फरक आहे." की मालकाचा हात कपाळाला. गिऱ्हाईक बाहेर ताटकळलंय, काच तयार आहे, आणि हा बाबा ती पुन्हा यंत्रावर चढवतोय! "अरे, त्या माणसाला पेपर वाचायचाय," मालक ओरडायचा, "मुंगीचे पाय नाही मोजायचे!" सूतभर ऐकून घ्यायचा आणि करायचं तेच करायचा.

घरीही तीच गत. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, बायकोने हौसेने पडदे लावले, तर हा स्टूल घेऊन दोन्ही टोकं मोजायला उभा. ती म्हणाली, "अहो, पडदा आहे तो. बाजूला सारला की तिरका काय नि सरळ काय!" तरी त्याने एक खिळा काढून पुन्हा ठोकलाच. माणूस वाईट नव्हता हो. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त नजर अशी, की चूक दिसली की तिला दुसरं काही दिसायचं नाही.

आता अशा माणसाला छंद कसला लागावा? लढाऊ हेलिकॉप्टरांचा! तोही खऱ्यांचा नाही, खेळातल्या. संगणकावरचा एक युद्धाचा खेळ होता, जुना, बनवणाऱ्या कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेला. पण जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात आपापली भर घालून तो तगवला होता. कुणी रस्ते बनवायचा, कुणी धूर, कुणी रणगाडे. अशा भर घातलेल्या खेळाला ते मॉड म्हणायचे. या मंडळींचा म्होरक्या होता कॅप्टन. त्याने जन्मात कधी विमानतळसुद्धा पाहिला नव्हता, पोटापाण्याला तो फरशा विकायचा, पण तिथे मात्र तो कॅप्टन.

आणि सूतभर होता त्यांचा तुलना करणारा. कुणी नवं हेलिकॉप्टर बनवलं की ते आधी याच्याकडे यायचं. हा दोन हेलिकॉप्टरं घ्यायचा, दोन्ही एकाच वाटेने उडवायचा, एकाच उंचीवर, एकाच वाऱ्यात, एकाच निशाण्यावर. वळताना कुठलं शेपूट जास्त झुकवतं, तोफ डागली की कुठलं मागे ढकललं जातं, कुठल्याच्या कॅमेऱ्यातून काय दिसतं, सगळं ताडून पाहायचा आणि मग आपल्या आवाजात निकाल सांगून तो व्हिडिओ सगळ्यांसाठी टाकायचा. मधे कुठे फुशारकी नाही, आरडाओरडा नाही. दुकानात ज्याच्या सूतभराला सगळे वैतागायचे, त्याचं सूतभर ऐकायला तिथे हजारो माणसं कान टवकारून बसायची. सुखावणारच की माणूस. कुणीही सुखावलं असतं.

घरात मात्र हे सगळं चोरून चालायचं, म्हणजे कानांना हेडफोन लावून. कारण सासूबाई.

सासूबाई वर्षभरापासून यांच्याकडेच होत्या. त्यांचं गाव लढाईच्या तोंडी सापडलं आणि एका दिवसात रिकामं झालं. सामानाच्या गाडीत माणसं कोंबून भरली तेव्हा म्हातारी चढायलाच तयार नव्हती, कारण मुलगा घरी आला नव्हता. सकाळी कामाला म्हणून गेला होता तो गेलाच. शेजाऱ्यांनी उचलून तिला गाडीत घातलं. म्हणाले, मावशी, तो मागून येतोय. असं कुणी मागून येत नसतं, पण त्या वेळी माणूस दुसरं काय बोलणार?

तो मुलगा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ती त्याला छोट्या म्हणायची. प्रत्यक्षात दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची. प्लंबर होता. लहानपणी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून पडला, मांडीचं हाड वाकडं बसलं, तेव्हापासून उजवा पाय बाहेरून अर्धा गोल फिरवून टाकायचा. त्यावरून कुणी चिडवलं तर म्हणायचा, "तुम्ही लोक जमिनीवरून चालता, मी तिला वळसा घालून चालतो." एकदा बहिणीकडे आला तेव्हा मोरीचा गळका नळ दुरुस्त करून गेला. सूतभर शेजारी उभा राहून बघत होता. छोट्या म्हणाला, "भावोजी, तुमची काच सूतभर चुकली तर माणूस ठेचकाळतो. माझा सांधा सूतभर चुकला तर अख्खी इमारत भिजते." सूतभराला हा मेहुणा फार आवडला होता.

हरवलेल्यांच्या कचेरीत घरातल्या तिघांनी चपला झिजवल्या. सूतभराने दुकानातून रजा घेऊन घेऊन मालकाची बोलणी खाल्ली. तिथल्या बाईंचं उत्तर ठरलेलं, "काही कळलं की कळवू." सासूबाई घरी येऊन म्हणायच्या, "कळवणार म्हणतात म्हणजे काहीतरी आहे त्यांच्याकडे." हेलिकॉप्टरचा आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. कुठे लांबवर, आकाशात, साधं बातम्यांचं हेलिकॉप्टर गेलं तरी हातातलं भांडं खाली ठेवून भिंतीला टेकायच्या. म्हणून ते हेडफोन. आता तुम्ही म्हणाल, मग त्या घरात त्याने तो खेळ खेळावाच कशाला? बायकोही तेच म्हणायची. तो म्हणायचा, "अगं, ही नुसती चित्रं आहेत."

तर त्या वर्षात दोन हेलिकॉप्टरांवरून मंडळींत मोठं भांडण पेटलं. एक जुनं, अवजड, सगळे त्याला म्हैस म्हणत. दुसरं नवं, चपळ, त्याचं नाव ससाणा. म्हशीचे भक्त म्हणायचे, तिच्यासारखा मार खाऊन कुणी उडू शकत नाही. ससाण्याचे म्हणायचे, अरे मार खायची वेळच का यावी, याचा कॅमेरा बघा. उष्णता टिपणारा कॅमेरा. सगळं जग करडं आणि जिवंत माणूस तेवढा पांढरा. भांडण हातघाईवर आलं तसं कॅप्टनने सूतभराला सांगितलं, "तूच काय तो निकाल लाव."

सूतभराने ठरवलं, कॅमेऱ्यांची कसोटी अशी लावायची की कुणाला तोंड उघडायला जागा उरणार नाही. एक माणूस चालवायचा. खांद्यावर काहीतरी लांब. तो हत्यारवाला की साधा माणूस, हे कुठल्या हेलिकॉप्टरातून किती लांबून ओळखू येतं, ते बघायचं. पण खेळातली माणसं बाहुल्यांसारखी चालायची, ते याला खपेना. त्याला खरी चाल हवी होती. मंडळींकडे ससाणा ज्याची नक्कल होता त्या खऱ्या हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफिती होत्या, कुणी कुणी बाहेर सोडलेल्या. त्यातली एक त्याला एकदम पसंत पडली. एक माणूस रस्त्याने एकटा चालतोय. खांद्यावर पाईप. माणूस गरम म्हणून पांढरा, पाईप गार म्हणून काळा, कमरेला लटकवलेला पानाही काळा, आणि पाईपच्या टोकाला एल्बो, म्हणजे प्लंबर लोक लावतात तो काटकोनी सांधा, स्वच्छ दिसतोय. चित्रफीत शेवटपर्यंत त्याने एकदाच पाहिली. शेवट अशा चित्रफितींचा असायचा तोच होता, वरून तोफ. तेवढा तुकडा कापून त्याने बाजूला टाकला, कारण तो कामाचा नव्हता.

मग कितीतरी पहाटे तो त्या माणसाची चाल उचलत बसला. पाऊल कसं पडतं, कंबर कुठे लचकते, मधेच थांबून तो पाईप उजव्या खांद्यावरून डाव्यावर कसा घेतो आणि मोकळ्या हाताने पँट कशी वर ओढतो. एकेक हालचाल त्याने खेळातल्या माणसात भरली. डोळ्यांत तेल घालून भरली. काम इतकं हुबेहूब झालं की कॅप्टनने त्याला साष्टांग नमस्काराचं चित्र पाठवलं.

कसोटीचा निकालही सरळ लागला. म्हशीतून त्या अंतरावरून नुसती काठी दिसायची. ससाण्यातून एल्बो दिसायचा. सूतभर व्हिडिओत म्हणाला, "ससाण्यातून पाहणाऱ्याला हा पाईप आहे हे कळतंच. ज्याला कळत नाही, त्याने आमच्या दुकानात येऊन नंबर तपासून घ्यावा." सगळ्या कारकिर्दीत केलेला एवढा एकच विनोद, लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्या बाहुल्याचं नाव पडलं पाईपवाला. पुढे जे जे नवं हेलिकॉप्टर येई, ते आधी पाईपवाल्यावर चालवून बघायचं, अशी रीतच पडली. कोण त्याला किती लांबून टिपतो, याच्या पैजा लागायच्या.

एकदा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी बायको वाळलेले कपडे घेऊन खोलीत आली. हा पाठमोरा, कानांवर हेडफोन. पडद्यावर पाईपवाला चालत होता. पलंगावर कपडे टाकता टाकता तिची नजर गेली. आणि ती म्हणाली, "छोट्या."

त्याला ऐकू आलं नाही. तिने मागून येऊन त्याचे हेडफोन ओढून काढले. "हा छोट्या आहे. अहो, हा छोट्या चालतोय!"

तो हसला. हसला, काय सांगायचं! "अगं, हा बाहुला आहे. मी बनवलाय."

"तुम्ही बनवलात? मग तुम्हाला कुठून कळलं तो पँट अशी ओढतो ते?"

त्याच्या तोंडचं हसू तिथेच जागच्या जागी मेलं. त्याने हात बाहुल्याच्या पायाकडे नेला, जणू तिथे काही लागणार होतं. उजवा पाय. बाहेरून अर्धा गोल. इतके दिवस तो त्या अर्ध्या गोलाचे कोन जुळवत बसला होता. मोरीशी उभं राहून ज्या माणसाचं काम बघितलं, ज्याच्यासाठी कचेरीच्या बाकावर तास तास बसला, तो रोज पहाटे त्याच्यासमोर चालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण त्या म्हणीत निदान कळसा सापडल्याचा आनंद तरी असतो.

तिने मूळ चित्रफीत मागितली. तो नको नको म्हणाला, तर म्हणाली, "लावा." चित्रात कडेला एक गोल टाकी होती, जिना तुटलेला. ती म्हणाली, "आमची टाकी." कापून बाजूला टाकलेला शेवटचा तुकडासुद्धा तिने लावायला लावला. संपल्यावर पलंगावरचे कपडे उचलले, सगळे नीट घडी करून कपाटात ठेवले, आणि दार लावून म्हणाली, "आईला कळता कामा नये. आणि त्याला काढा तिथून. आत्ता."

त्याने कॅप्टनला लिहिलं. कॅप्टन म्हणाला, "अरे, पाईपवाला म्हणजे आपली कसोटी! तूच लावलीस ना?" सूतभराने लिहिलं, "तो माझा मेहुणा आहे." मग हात जोडलेली चित्रं आली, रडकी तोंडं आली. आणि एकाने विचारलं, "मग ती चित्रफीत ससाण्याचीच आहे, हे आता पक्कं झालं का?" असली माणसं असतात. वाईट नसतात, तेच तर वाईट. कॅप्टनने नव्या मॉडमधून पाईपवाल्याला काढला. पण जुना मॉड ज्याच्या त्याच्या घरी उतरवलेला. तिथून त्याला कोण काढणार? तिथे तो चालतच होता, आणि लोक वरून बघतच होते.

आईला कळता कामा नये म्हणे! दोन खोल्यांचं घर, मधे प्लायवुडचं दार. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहाचा कप घेऊन याच्या खोलीत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मला दाखवा."

बायको मागून धावत आली. "आई, काही नाहीये ते."

"तू गप्प बस. मी जन्म दिलाय त्याला."

सूतभराने तुकडा लावला. चालीचा, शेवट नसलेला. म्हातारीने पडद्याला नाक लावलं. "दमलाय," म्हणाली. "डाव्या खांद्यावर घेतलं म्हणजे दमलाय." पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. रडली नाही. हात पुढे करून पडद्यावरच्या पांढऱ्या माणसावर बोट ठेवलं, आणि मान न वळवता विचारलं, "तुम्हाला या यंत्रांतलं सगळं कळतं. लोक तुम्हाला विचारतात. मला एवढंच सांगा. वरून त्यांना ती बंदूक वाटली असेल ना? चुकून झालं ना हे?"

बायको दारात उभी होती. सूतभराने सासूबाईंच्या बोटाकडे पाहिलं. बोट एल्बोच्या शेजारीच होतं. हातात आलेली एकही काच चुकीची बाहेर जाऊ न दिलेला माणूस तो. म्हणाला, "हो, आई. एवढ्या उंचीवरून काही कळत नाही. त्यांना बंदूकच वाटली असणार."

म्हातारीने मोठा श्वास सोडला. वर्षभरात असा श्वास तिने सोडला नव्हता. "मग काय बोलायचं," म्हणाली. "तीही कुणाची तरी पोरंच. घाबरली असतील. ज्याने चुकून मारलं त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या? जाऊ दे. देव त्यांचं भलं करो." उठली, कप उचलला, आणि आपल्या खोलीत जाऊन आडवी झाली. थोड्या वेळाने तिच्या घोरण्याचा आवाज आला. या घरात आल्यापासून ती दिवसा कधी झोपली नव्हती.

सूतभराला वाटलं, केलं ते बरं केलं. खोटं तर खोटं, म्हातारीच्या जिवाला स्वस्थता मिळाली. वळून पाहतो तर बायकोच्या हातात फोन. फोनमधून त्याचाच आवाज येत होता, तोच शांत, तोलून मापून बोलणारा. ससाण्यातून पाहणाऱ्याला हा पाईप आहे हे कळतंच. ज्याला कळत नाही, त्याने आमच्या दुकानात येऊन...

तिने फोन बंद केला. "त्यांना दिसत होतं?"

तो खुर्ची सरळ करायला लागला.

"दिसत होतं का नव्हतं?"

"दिसत होतं," तो म्हणाला. "चांगलं दिसत होतं."

"मग तू माझ्या आईकडून त्यांना माफी मिळवून दिलीस?" लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "माझ्या भावाला बघून सवरून मारलं त्यांनी, आणि तू तिला त्यांचं भलं चिंतायला लावलंस? कुणी सांगितलं होतं तुला? कोण लागतात ते तुझे?"

त्याला म्हणायचं होतं, तुझ्या आईसाठीच केलं. पण ते अर्धंच खरं होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. चुकून झालं म्हटलं की सगळेच सुटतात. तेही, आणि मेहुण्याला न ओळखता त्याची चाल मोजत बसलेला तोही. तो उठला. बायकोने अडवलं नाही. तो सासूबाईंच्या खोलीत गेला आणि पलंगाशी जमिनीवर बसला. झोपमोड करायचा धीर होईना. त्या दिवशी तो दुकानात गेला नाही, मालकाचा फोन वाजून वाजून बंद पडला.

दुपार कलल्यावर म्हातारीने डोळे उघडले. जावई पायथ्याशी बसलेला पाहून पदर सावरत उठली. "काय हो? जेवलात का?"

"आई, मी सकाळी खोटं बोललो. त्यांना दिसलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती हळूहळू भिंतीला टेकली, आणि म्हणाली, "काय काय दिसलं होतं?"

त्याने सांगितलं. पाईप दिसला होता. पाईपच्या टोकाचा एल्बो दिसला होता. कमरेला लटकवलेला पाना दिसला होता. जवळपास दुसरं कुणी नव्हतं, हेही दिसलं होतं. सांगताना त्याचा आवाज तसाच निघत होता, हजारो लोकांना निकाल सांगायचा तसा. त्याला दुसरा आवाज सापडेना.

"आणि तो लंगडतोय ते?"

"तेही."

म्हातारीने तोंड उघडलं. आणि शिव्या आल्या. वर्षभर दाबून धरलेल्या, देवाधर्माच्या बाईने कधी उच्चारल्या नसतील अशा. त्यांच्या हातांना, त्यांच्या डोळ्यांना, त्यांना जन्म देणारीला, ते यंत्र बनवणाऱ्याला, ते चालवणाऱ्याला, ते बघत बसणाऱ्याला. शेजाऱ्यांनी दारं उघडली. बायको आत येऊन आईला घट्ट धरून बसली आणि तीही हंबरडा फोडून रडायला लागली. सूतभर मान खाली घालून जमिनीवरच बसला. त्यातली एकही शिवी आपल्यासाठी नाही, असं त्याला वाटलं नाही.